जर्मनीत हौशी फुटबॉल: मुलाने आपल्या लोकांचा संघ धरावा की गावातला क्लब?

कोथरूडचा पालक:
माझा मुलगा ऑक्टोबरमध्ये नोकरीनिमित्त स्टुटगार्टला जात आहे. येथे तो एसएसपीएमएसच्या मैदानावर सराव करतो आणि पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये एका लहानशा क्लबकडून बचावपटू म्हणून खेळतो. मॅक्सम्युलर भवनात त्याची जर्मन भाषेची बी१ पातळी पूर्ण झाली आहे. मात्र कचेरीत सर्व व्यवहार इंग्रजीत होणार आणि घरी आल्यावर फोन पुण्याला, म्हणजे ती भाषा बोलणार कोणाशी, हा प्रश्न उरतोच. तेथील भारतीय सहकारी शनिवारी टर्फ भाड्याने घेऊन खेळतात. त्याने त्यांच्यात सामील व्हावे, की एखाद्या स्थानिक क्लबचा सभासद व्हावे?

औंधवासी (काही वर्षे जर्मनीत राहून परतलेला):
स्थानिक क्लब, हे माझे स्पष्ट मत आहे; केवळ आपल्याच लोकांत खेळला तर तो तेथे एकटा पडेल. तेथील क्लब म्हणजे ‘फेराइन’, सभासदांच्या वर्गणीवर आणि श्रमांवर चालणारी नोंदणीकृत संस्था. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव आणि रविवारी सामना असतो. एकाच क्लबचे दोन-तीन संघ असल्यामुळे ‘क्राइसलीगा’च्या, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या लीगच्या, तळाच्या गटातही नवख्याला जागा मिळते. परंतु केवळ चांगले खेळल्याने माणूस तेथे आपला होत नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. सामन्याच्या दिवशी सॉसेज भाजण्याच्या स्टॉलवर उभे राहणे, मुलांच्या स्पर्धेत मैदानावर रेषा आखणे, संघाच्या जर्सी घरी नेऊन धुणे, या कामांची पाळी ज्याच्यावर येऊ लागते त्याला लोक नावाने हाक मारू लागतात. सराव संपल्यावर लगेच घरी पळणारा, कितीही उत्तम खेळला तरी, पाहुणाच राहतो. (शाकाहारी असल्यास स्टॉलवर गल्ला सांभाळावा, त्या कामाला माणूस नेहमीच कमी पडतो.)

कागदपत्रांचेही पाहा. एका देशाच्या महासंघाकडे नोंदलेला खेळाडू दुसऱ्या देशात नोंदवताना, तो हौशी असला तरी, फिफाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र, म्हणजे आयटीसी, लागते. ते नवा क्लब आपल्या संघटनेमार्फत मागवतो. तोवर अधिकृत सामना खेळता येत नाही, सरावाला मात्र जाता येते. तेथील हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन हिवाळ्यात थांबतो, म्हणून पोहोचताच क्लब गाठावा.

डेक्कन जिमखाना:
वरील प्रतिसादातील कामांचा मुद्दा पटतो. पण आपल्या लोकांचा संघ म्हणजे एकटे पडणे, हे गृहीतक पटत नाही. स्वीडनमधील सोडरटेल्ये या गावात असीरियन (मध्यपूर्वेतील एक ख्रिस्ती समाज) स्थलांतरितांनी 1974 मध्ये असीरिस्का हा क्लब काढला आणि तो 2005 मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळला. ज्यांना स्वतःचा देश नाही अशा जगभरच्या असीरियनांनी त्याला आपला राष्ट्रीय संघ मानले, आणि तरीही तो स्वीडनच्याच लीगमधला, स्वीडिश रेफरीच्या शिट्टीवर चालणारा क्लब होता. त्याच गावात त्याच समाजाचा दुसरा क्लब सिरियान्स्का हा आहे, कारण स्वतःला काय म्हणवून घ्यायचे यावरच त्यांच्यात दोन तट होते. आपल्याकडच्या मंडळांचा अनुभव असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. बर्लिनच्या क्रॉइझबर्गमधील तुर्कीयेमस्पोर हा तुर्की स्थलांतरितांचा क्लबही असाच, 1978 चा. म्हणून शनिवारचा संघ लीगमध्ये उतरतो का, हे आधी विचारावे. निव्वळ भाड्याचे टर्फ असेल, तर मात्र औंधवासींशी मी सहमत आहे.

कोंढव्यातला गोलरक्षक:
उलट्या बाजूने सांगतो. आमच्या रविवारच्या खेळात कोंढव्यात राहणारे काही सुदानी आणि येमेनी विद्यार्थी येतात. सुरुवातीला गडी कमी पडला तरच आम्ही त्यांना बोलावत असू, आणि त्यात आम्हाला काही वावगे वाटत नसे. चेंडू कोण आणणार, मैदानाचे पैसे कोण गोळा करणार हे जेथे ठरते त्या व्हॉट्सॲप गटात त्यांना घेतले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एकाने आमच्या थकबाकीदारांची यादी टाकली. त्यात माझेही नाव होते. तेव्हापासून भांडणे बरोबरीने होतात.

कोथरूडचा पालक:
सर्वांचे आभार. मुलाला विचारले असता, गल्ल्यावर बसण्यास त्याची हरकत नाही, परंतु आयटीसीविषयी त्याने ऐकलेच नव्हते. त्याची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रणालीत कोणत्या क्लबच्या नावे आहे, हे या आठवड्यात क्लबच्या सचिवांकडून पाहून घेतो. जन्मतारीख आणि नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे नसेल तर दुरुस्ती येथे असतानाच करून घ्यावी लागेल.