दूध संकलन केंद्रावरील फोनचे आपोआप होणारे अपडेट कसे थांबवावे?

जांबोटीकर

नमस्कार. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचे लहानसे दूध संकलन केंद्र आहे. लिटर, फॅट आणि एसएनएफची (दुधातील फॅट सोडून उरलेल्या घन घटकांची) नोंद आम्ही एका जुन्या अँड्रॉइड ॲपमध्ये करतो व पावती ब्लूटूथ प्रिंटरवर काढतो. ते ॲप गावातल्याच एका मुलाने करून दिले होते. तो आता पुण्याला असल्यामुळे त्यात नवे काही होण्याची आशा नाही.

गेल्या आठवड्यात रात्रभर पाऊस होता, वीज गेली आणि फोन बॅटरी उतरून बंद पडला. पहाटे वीज आल्यावर तो सुरू केला, तर त्याने परस्पर अपडेट लावून घेतले आणि त्यानंतर प्रिंटर काही केल्या जोडला जाईना. लोक किटल्या घेऊन रांगेत उभे, आणि मी वहीत हाताने नोंदी करत बसलो. शिवाय केंद्रावरच्या वायफाय डोंगलचा त्या दिवसाचा पॅकही संपला होता. हे अपडेट कायमचे बंद करता येईल का? केंद्रावरचा मुलगा कन्नड शाळेत शिकलेला असल्यामुळे फोनची भाषा कन्नड आहे, म्हणून मेनू कुठे असतो तेही कृपया लिहावे.

निपाणी मोबाइल दुरुस्ती

साहेब, तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकाच रात्री घडल्या आहेत.

पहिली डोंगलची. फोनला सिमचा डेटा मर्यादित आहे हे कळते, पण डोंगल त्याच्या लेखी घरातल्या वायफायसारखाच असतो, आणि वायफाय म्हणजे फुकट असे समजून तो मोठी फाइल खुशाल उतरवून घेतो. वायफायच्या यादीत डोंगलच्या नावापुढील चाकाच्या चिन्हावर दाबा आणि ते नेटवर्क ‘मीटर्ड’, म्हणजे मोजका डेटा असलेले, करा. बहुतेक आपोआप होणारी डाउनलोड तेवढ्यानेच थांबतात.

दुसरी गोष्ट बॅटरी उतरण्याची. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, अनेक फोनमध्ये सिस्टिमच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आहे. तुम्ही एक वापरत असता तेव्हा दुसरीवर अपडेट गुपचूप बसते आणि फोन पुन्हा सुरू झाला की तो दुसऱ्या प्रतीवर जातो. तुमचा फोन बॅटरी उतरून बंद पडला, त्याला मात्र ते रीस्टार्टच वाटले. यासाठी सेटिंग्जच्या अगदी तळाशी ‘अबाउट फोन’ असते, त्यातील बिल्ड नंबरवर सात वेळा दाबावे. मग डेव्हलपर ऑप्शन्स हा एरवी लपलेला मेनू उघडतो आणि त्यात ‘ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स’ची कळ बंद करावी. काही कंपन्यांच्या फोनमध्ये अबाउट फोनच्या आत आणखी एक पान असते आणि काहींत ही कळच नसते. तिथे सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावरचे ‘वायफायवर आपोआप डाउनलोड’ बंद करावे. इतके करूनही ‘अपडेट आले आहे’ ही सूचना येतच राहील. पहाटेच्या घाईत केंद्रावरच्या मुलाचा हात तिच्यावर पडू नये, एवढेच सांभाळावे.

प्रिंटरसाठी ब्लूटूथच्या यादीतून त्याचे नाव काढून टाका, पुन्हा जोडा आणि ॲपच्या परवानग्या एकदा तपासा.

चिकोडीहून

आयफोन असणाऱ्यांसाठी: सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, ऑटोमॅटिक अपडेट्स. आधीच उतरलेली फाइल आयफोन स्टोरेजमध्ये जाऊन काढून टाकता येते.

टिळकवाडी वाचक

निपाणीच्या सरांनी सांगितलेले योग्यच आहे, परंतु ‘कायमचे’ या शब्दाला माझी हरकत आहे. अँड्रॉइडच्या सुरक्षा त्रुटींची यादी गूगल २०१५ च्या ऑगस्टपासून दरमहा जाहीर करते, म्हणजे आपल्या फोनमध्ये कोणती फट बुजायची राहिली आहे हे चोरालाही वाचता येते. दूध उत्पादकांचे पैसे याच फोनवरून पाठवत असाल, तर तो वर्षानुवर्षे जुना ठेवणे मला पटत नाही. मी स्वतः प्ले स्टोअरमधील सर्व ॲपचे अपडेट बंद केले होते. ऐन बाजारात पैसे देताना ॲपने ‘आधी नवी आवृत्ती घ्या’ म्हणून अडवले आणि मला भाजी परत ठेवावी लागली.

आणखी एक. अँड्रॉइड १४ मध्ये फार जुन्या पद्धतीने बांधलेली ॲप नव्याने बसवता येत नाहीत. आधीपासून असलेली मात्र अपडेटनंतरही राहतात. त्यामुळे प्रिंटर जुळत नाही म्हणून वैतागून ते ॲप काढून टाकू नका. अपडेट मागे घेणेही सोपे नसते, कारण जुन्या आवृत्तीवर जाताना सहसा फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. सकाळ-संध्याकाळच्या संकलनांमध्ये दुपार मोकळी असते, तेव्हा महिन्यातून एकदा, आधी नोंदींची प्रत दुसऱ्या फोनवर घेऊन, स्वतःच्या हाताने अपडेट करावे.

जांबोटीकर

आपणा सर्वांचे आभार. डोंगल मीटर्ड केला आहे, डेव्हलपरमधील कळही बंद केली आहे आणि नाव काढून पुन्हा जोडल्यावर प्रिंटर चालू झाला. ॲप काढून टाकण्याच्या बेतात मी खरोखरच होतो, ते राहिले हे बरे झाले. पैसे आजवर याच फोनवरून जात होते. ते आता माझ्या स्वतःच्या फोनवर घेतो आणि केंद्राच्या फोनचे अपडेट येत्या रविवारी दुपारी करतो. वही मात्र पावसाळा संपेपर्यंत काट्याशेजारीच ठेवणार आहे.