भोपळा कापायचाच कशाला?

या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की दीड-दोन वर्षांच्या पोरांना हॅलोविनच्या (३१ ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण) भोपळ्यात चेहरा कोरताना काही करताच येत नाही, सुरी आपल्या हातात आणि ती बाजूला कंटाळलेली. सुरीचं पटलं, पण कापायचाच कशाला? आम्ही अख्खा भोपळा अंगणात ठेवतो, वॉशेबल रंग आणि जाडा ब्रश देतो, पोरगी शेवटी हातानेच फासते, साल गुळगुळीत त्यामुळे पाइपने धुतला की दुसऱ्या दिवशी परत कोरा. शिवाय न कापलेला भोपळा थंडीत थँक्सगिव्हिंगपर्यंतही (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकन सण) टिकतो, कापलेल्याला आठवड्याभरात बुरशी येते, टेक्साससारख्या उकाड्यात तर त्याआधीच.

फक्त ते हलणारे प्लास्टिकचे डोळे चिकटवायचं जे वर सुचवलंय ते तीन वर्षांखाली नकोच, सगळं तोंडात जातं. अमेरिकेत या वयाच्या खेळण्यांचे सुटे भाग सव्वा इंच रुंदीच्या नळकांड्यात टाकून बघतात, पूर्ण आत मावला तर घशात अडकू शकतो म्हणून नापास. घरी टॉयलेट पेपरचा रिकामा रोल घ्या, तो जरा मोठाच असतो, त्यातून जे आरपार जाईल ते बाजूला ठेवायचं. डोळे काळ्या कागदाचे मोठे कापा, तेवढेच भुतासारखे दिसतात.