शुक्रवारपर्यंत राजीनामा मागताहेत. सही करू की नको? तातडीने मदत हवी

मधुमालती (मंगळवार, रात्री ११.४०)
थेट विचारते. आज एचआरचा कॉल झाला. म्हणे तुमचा रोल आता उरला नाही, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोर्टलवर राजीनामा टाका, दोन महिन्यांचा पगार देऊ, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाही टाकला तर टर्मिनेट करू आणि ते रेकॉर्डवर राहील. कामाबद्दल एकही तक्रार नाही, गेल्या वर्षीचं रेटिंग चांगलं आहे. पर्वरीच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत. सही करू की नको एवढंच सांगा. धीर धर वगैरे कृपया नको, वेळ नाही.

डिचोलीकर
नोकरी किती वर्षांची? कंपनी गोव्यातली की बाहेरची? हुद्दा काय? एवढ्यावरून कोण काय सांगणार?

सह्यवारा
ताई, टाकून मोकळ्या व्हा. मी पुण्यात आयटीत आहे, आमच्या मजल्यावर हेच झालं. भांडले त्यांना पैसेही उशिरा मिळाले आणि पुढच्या कंपनीच्या चौकशीत एचआरने खोचक उत्तरं दिली. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या कंपनीत हे होतं तिथे आपण एकटे काय करणार? पैसे घ्या, दुसऱ्या दिवसापासून अर्ज सुरू करा.

पेडण्याची_माई
अगे बाय, आधी नीट जेव आणि झोप. रात्री कुठलीच सही करू नकोस.

कज्जेदलाल
सह्यवारा, इतक्या घाईने सल्ला देऊ नका. मधुमालती, काहीही टाकू नका. 'टर्मिनेट करू' ही त्यांच्या फायद्याची भीती आहे. राजीनामा हवा असतो कारण एकदा छाटणी म्हटली की नोटीस आली, भरपाई आली, प्रश्न आले. राजीनामा आला की तुम्ही आपणहून गेलात, कंपनीची जबाबदारी संपली.
हे सांगा : १) रुजू कधी झालात २) नियुक्तीपत्रात नोटीस पीरियड किती ३) पदाचं नाव आणि प्रत्यक्ष काम ४) हाताखाली कोणी आहे का ५) बेसिक, म्हणजे मूळ पगार किती.

मधुमालती
कंपनी बंगळुरूची, मी पर्वरीतून घरून काम करते. पद 'मॅनेजर'. नोटीस पीरियड नव्वद दिवस, पण तो मी सोडताना लागू ना? आणि बेसिकचा इथे काय संबंध? मला फक्त सही करायची की नाही ते हवं आहे.

कज्जेदलाल
संबंध आहे. नव्वद दिवसांचं कलम नियुक्तीपत्रात शब्दशः कसं आहे ते इथे लिहा. 'आयदर पार्टी' असं आहे का?
रुजू झाल्याची तारीख अजून आली नाही.

मधुमालती
हो, दोन्ही बाजूंना नव्वद दिवस किंवा त्याबदली पगार असं आहे. रुजू मे २०२१. बेसिक साठ हजार.

कज्जेदलाल
आता बघा. नोटीस न देता काढलं तर करारानेच ते तुम्हाला तीन महिन्यांचा पगार देणं लागतात. आणि देऊ करताहेत दोन महिन्यांचा, तोही मेहेरबानी म्हणून. तुमच्याच पैशांतून एक महिना कापून उरलेल्याच्या बदल्यात तुमची सही मागताहेत.
दुसरं म्हणजे मे महिन्यात तुमची पाच वर्षं पूर्ण होतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, मिळते पाच वर्षांच्या सलग सेवेवर. आजपासून नव्वद दिवस नोटीसवर राहिलात तर शेवटचा दिवस मे ओलांडतो का ते कॅलेंडर घेऊन मोजा. शुक्रवारचीच घाई का, याचं उत्तर तिथे असू शकतं.

सह्यवारा
चार वर्षं आणि २४० दिवस झाले की ग्रॅच्युइटी मिळतेच. पाच पूर्ण व्हायलाच पाहिजेत असं नाही. अर्धवट माहिती देऊ नका.

कज्जेदलाल
माहिती अर्धवट नाही. मद्रास उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तसं धरलं आहे : पाचव्या वर्षी २४० दिवस भरले की ते वर्ष पूर्ण. आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम असलेल्या आस्थापनात तो आकडा १९० दिवसांचा. पण कित्येक कंपन्या हे मानत नाहीत आणि माणसाला भांडत बसावं लागतं. पाच वर्षं खरोखर भरली तर भांडण उरतच नाही. म्हणून तारीख महत्त्वाची.
हिशेब : साठ हजार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले पाच. साधारण एक लाख त्र्याहत्तर हजार. वीस लाखांपर्यंत करमुक्त. हे सोडून देण्याएवढे पैसे नाहीत.

खाणवाला_साखळी
मी वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. तुम्ही शिकलेल्यांना हे नवीन आहे. आमच्याकडे गोव्यात सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. नंतर कशाबशा सुरू झाल्या आणि २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून सगळं बंद. माझा टिपर, खनिज वाहायचा ट्रक, दारात उभा होता. टायर जमिनीला बसले, ताडपत्रीखाली कोंबड्या राहायला लागल्या आणि बँकेचा माणूस दर महिन्याला यायचा. आम्हाला ना नोटीस, ना एचआर. पोरांना शिकवलं ते कंपनीची पक्की नोकरी मिळेल म्हणून. माझी मुलगी वेर्ण्याला औषध कंपनीत आहे. हा धागा वाचून तिला फोन केला.

डिचोलीकर
खाणवाला, त्या वेळी आमच्या घरातही हेच होतं. पण टिपरमालक आणि पगारी माणूस यांचे कायदे वेगळे. धागा ताईंच्या प्रश्नावर राहू दे.

खाणवाला_साखळी
कायदा वेगळा असेल, हप्ता एकच.

निवृत्त_मास्तर
मी म्हणतो, खासगीत राहावंच कशाला? गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिराती येतात. वयोमर्यादा साधारण ४५ पर्यंत असते, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणी आली पाहिजे. परीक्षा देऊन रीतसर लागा, निवृत्तीपर्यंत चिंता नाही. आणि कोणी पैसे घेऊन लावतो म्हणाला तर त्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. २०२४ च्या शेवटी नोकरीच्या नावाने किती लोक फसले ते आपण सगळ्यांनी वाचलं.

म्हापशाचा_शुक्रवार
मास्तर, त्यांना शुक्रवारी उत्तर द्यायचं आहे आणि तुम्ही परीक्षेचा अभ्यास देताय. ताई, माझं ऐका, वरची खोली रिकामी असेल तर होमस्टे करा. पर्यटन खात्याकडे नोंदणी करा आणि सुरू. माझ्या बहिणीने शिवोलीत केलं, चांगलं चाललंय.

पेडण्याची_माई
फ्लॅटमध्ये कसला होमस्टे? सोसायटी ऐकेल? आणि पावसात गिऱ्हाईक कुठून आणायचं?

तारका_७
ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली तर पगाराच्या ५० टक्के, ९० दिवसांपर्यंत मिळतात.

कज्जेदलाल
ईएसआयची पगारमर्यादा २१ हजार आहे. बेसिकच साठ हजार असलेल्या बाईंना ती योजना लागू नाही. वाचून लिहा हो.

मधुमालती
होमस्टे आणि परीक्षा नको, प्लीज. नव्वद दिवसांचं मोजलं. आज नोटीस मिळाली तर शेवटचा दिवस मेच्या तिसऱ्या आठवड्यात येतो आणि माझी पाच वर्षं मेच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण होतात. हे कोणीच मला सांगितलं नव्हतं.
आता पोर्टल उघडून बघितलं. राजीनाम्याच्या फॉर्ममध्ये 'कारण' हा रकाना आधीच भरलेला आहे, 'वैयक्तिक', आणि तो राखाडी आहे, बदलता येत नाही. खाली चौकट आहे : 'मी हा राजीनामा स्वेच्छेने व कोणत्याही दबावाविना देत आहे'. तिच्यावर खूण केल्याशिवाय बटण चालत नाही.
दुसरी गोष्ट, सासूबाई माझ्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत. त्यांचं डायलिसिस चालू आहे. ते कधीपर्यंत चालेल?

कज्जेदलाल
त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. तारीख-वेळ दिसू दे. हा सगळ्यात मोलाचा कागद आहे. आणि डायलिसिसचं पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, निर्णय त्याच्यावर फिरतो.

एचआर_मध्ये_होते
मी पूर्वी दुसऱ्या बाजूला बसत असे, म्हणून लिहिते. ग्रुप पॉलिसी बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशी संपते. म्हणून नोटीस पीरियड कंपनीच्या पटावर राहून काढणं आणि घरी बसून पैसे घेणं यात फार फरक आहे. पटावर राहिलात तर तीन महिने विमा चालतो, पाच वर्षंही भरतात. काम देऊ नका, लॅपटॉप काढून घ्या, पण पटावर ठेवा, असं मागा. कंपन्या हे कबूल करतात, कारण त्यांना महिन्याच्या पगारापेक्षा भांडण जड वाटतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का तेही आत्ताच विचारा, पॉलिसी संपल्यावर नाही. आधीपासूनचा आजार असताना नवी पॉलिसी घेणं फार कठीण.
चौकशीतल्या खोचक उत्तरांचं सह्यवारा म्हणतात ते काही ठिकाणी होतं. पण बहुतेक कंपन्या रुजू तारीख, सोडल्याची तारीख आणि पद एवढंच सांगतात. पत्रात 'पद रद्द झाल्यामुळे' असं लिहून घेतलंत तर पुढच्या मुलाखतीत त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. पद रद्द होऊन माणसं जातात हे त्या क्षेत्रात सगळ्यांना कळतं.

पेडण्याची_माई
दीनदयाळ स्वास्थ्य सेवा, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड आहे का? नसेल तर काढ. तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. गोव्यात पाच वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. आमच्या शेजाऱ्यांना उपयोगी पडलं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळातही चौकशी करून ठेव.

सह्यवारा
ठीक आहे, नव्वद दिवसांचा मुद्दा मान्य. पण मॅनेजर 'कामगार' नसतो, म्हणून कामगार आयुक्ताकडे जायचा सल्ला तरी देऊ नका.

कज्जेदलाल
पदाच्या नावावर ठरत नाही, मुख्य काम काय त्यावर ठरतं. हाताखाली कोणी नाही, सुट्टी मंजूर करायचा अधिकार नाही, दिवसभर स्वतः तांत्रिक काम, तर मॅनेजर म्हटल्याने माणूस कामगाराच्या व्याख्येतून बाहेर जात नाही. मात्र काम खरोखर पर्यवेक्षणाचं असेल आणि पगार १८ हजारांच्या वर असेल तर औद्योगिक संबंध संहितेखाली, म्हणजे नव्या कामगार कायद्यात, तो कामगार नाही. मधुमालती, हाताखाली कोणी आहे का, या प्रश्नाला उत्तर आलेलं नाही.

मधुमालती
कोणी नाही. रिपोर्ट मीच बनवते, मीच पाठवते.

कज्जेदलाल
मग तुमची बाजू मांडण्यासारखी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू आहेत. कामगार ठरलात तर छाटणीवर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. शिवाय कौशल्य निधीत मालकाने पंधरा दिवसांचं वेतन भरायचं, ते ४५ दिवसांत तुमच्या खात्यात यायला हवं. काढल्यावर किंवा राजीनाम्यावर राहिलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकतं करायचं, हेही वेतन संहितेत आहे.
राजीनामा दिलात की यातलं छाटणीचं सगळं जातं. कर्जासोबत नोकरी गेल्याचा विमा घेतला असेल तर तोही आपणहून दिलेल्या राजीनाम्याला चालत नाही.

डिचोलीकर
पणजीत पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे जाऊन विचारता येईल ना?

कज्जेदलाल
विचारता येईल. घरून काम गोव्यात होतं, कार्यालय बंगळुरूचं, तेव्हा अधिकारक्षेत्रावरून कंपनी वाद घालेल. पण ती पुढची पायरी. आधी ईमेल.

म्हापशाचा_शुक्रवार
पीएफ काढून हप्त्यांची सोय करा ना, एवढा विचार कशाला?

एचआर_मध्ये_होते
अजिबात नको. पाच वर्षांच्या आत काढलात तर कर लागू शकतो. आधीच्या नोकरीचा पीएफ याच खात्यात वळवला असेल तर ती वर्षं धरतात, पण तरी नको. म्हातारपणाचे पैसे तीन हप्त्यांत संपतील. बँकेत स्वतः जाऊन बोला, हप्ता चुकण्याआधी.

मधुमालती (गुरुवार, सकाळ)
मेल लिहिला आहे, पाठवण्याआधी बघा :
'मंगळवारच्या कॉलमध्ये माझं पद रद्द होत असल्याचं सांगून राजीनामा मागण्यात आला. मी स्वेच्छेने राजीनामा देऊ इच्छित नाही. पद रद्द होत असल्यास नियुक्तीपत्राप्रमाणे नव्वद दिवसांची लेखी नोटीस द्यावी, त्या काळात पटावर व विम्यात ठेवावं, आणि ग्रॅच्युइटीसह सर्व देय रकमांचा हिशेब लेखी कळवावा.'

कज्जेदलाल
उत्तम. राग नाही, धमकी नाही, हेच हवं. स्वतःच्या खासगी ईमेलवर प्रत ठेवा. नियुक्तीपत्र, पगारपत्रकं, रेटिंगचा कागद आजच उतरवून घ्या, लॉगिन केव्हाही बंद होतं. कंपनीच्या कामाच्या फायलींना मात्र हात लावू नका, तेच कारण करून काढतील.

मधुमालती (शनिवार)
काल दुपारी उत्तर आलं. शुक्रवारची मुदत मागे घेतली आहे. 'नोटीस कालावधीबाबत लीगल टीमशी बोलून सोमवारी मसुदा पाठवतो.' फोन करायचा प्रयत्न केला त्यांनी, मी म्हटलं मेलवर लिहा. एचआरवाल्या मॅडम, पटावर ठेवतो म्हणाले पण विम्याबद्दल एक ओळ नाही. आता?

एचआर_मध्ये_होते
आजच पुन्हा मेल. फक्त विम्याचं विचारा, दुसरं काही मिसळू नका : पॉलिसीत नाव कुठल्या तारखेपर्यंत आहे, आणि सासूबाईंचं नाव वगळलेलं नाही ना. सासू-सासऱ्यांची नावं कंपन्या सर्वांत आधी काढतात. सोमवारी मसुदा आला की शेवटच्या दिवसाची तारीख, जाण्याचं कारण आणि 'यापुढे कोणताही दावा नाही' असं वाक्य कुठे दडलंय का, हे बघा.

सह्यवारा
मसुदा आला की नावं झाकून इथे टाका. मलाही बघायचा आहे. आमच्याकडे पुढच्या तिमाहीत पुन्हा होणार असं ऐकतोय.

नवा_आयडी_फोंडा
मी कॉन्ट्रॅक्टवर आहे, एक वर्ष चार महिने झाले, मलापण सोमवारपासून येऊ नको म्हणाले. मला पण हेच लागू का?

कज्जेदलाल
तुमचं गणित वेगळं. ठरावीक मुदतीचा करार थेट कंपनीशी असेल तर नव्या संहितेत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. ठेकेदारामार्फत असाल तर मालक कोण इथपासून सुरुवात. वेगळा धागा काढा, आणि कृपया रुजू झाल्याची तारीख आणि पगारपत्रकावर नाव कोणाचं आहे ते पहिल्याच ओळीत लिहा.