हॉलसाठी सोफा: करडा एल-आकार की गडद हिरवा तिघांचा?

पारिजात

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस घरात एकच विषय चालू आहे, तो इथे मांडते.

जुना सोफा बारा वर्षं वापरला. लाकडी सांगाडा अजून शाबूत आहे, पण मधला फोम पार बसलाय आणि रेक्झिनचे पापुद्रे निघतात. उठलं की कपड्यांना काळे कण चिकटलेले असतात.

हॉल साडेअकरा फूट बाय पंधरा फूट. सोफा लांब भिंतीला लागेल. खिडकी एकच, पश्चिमेला. दुपारी तीननंतर ऊन थेट सोफ्याच्या उजव्या टोकावर येतं. भिंती मोतिया, जरा पिवळटच. फरशी तपकिरी. राहणारी माणसं चार: आम्ही दोघं, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई, वय 76, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. शिवाय फिकट बदामी केसांचा एक कुत्रा.

नवऱ्याला करडा एल-आकाराचा सोफा हवाय, सगळ्यांना पाय पसरून बसता येईल म्हणून. मला गडद हिरवा, तिघांचा, सुटा सोफा हवाय. करड्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा घरी आणला, तर तो चक्क निळसर दिसायला लागला. दुकानात तो स्वच्छ करडा होता. असं का होतं?

आता मनातलं सांगते. सासूबाई हल्ली सोफ्यावर बसतच नाहीत. उठताना त्या दोन्ही हात बैठकीच्या कडेवर टेकवतात, कड खाली दबते, की त्या पुन्हा मागे जातात. दोनदा, तीनदा. मग आमच्यापैकी कुणीतरी हात देतं आणि त्यांचा चेहरा पडतो. तेव्हापासून त्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर, भिंतीकडच्या कोपऱ्यात बसतात. "मी इथेच बरी" म्हणतात. संध्याकाळी आम्ही तिघं सोफ्यावर गप्पा मारतो आणि त्या आठ फूट लांब. मला त्यांना परत आमच्यात आणायचंय. रंग महत्त्वाचा आहेच, पण सोफा निवडायचा तो यासाठी. कुठून सुरुवात करू?

टाचणदोरा

ताई, मी बावीस वर्षं सोफ्यांना कापड चढवतोय. तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. सुरुवात तिथूनच करा, रंग मागाहून येऊ द्या.

आधी सासूबाईंना कडक खुर्चीवर बसवा, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली. गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. त्या बसल्यावर नव्या बैठकीची उंची त्या मापाइतकी किंवा त्याहून इंचभर जास्त राहिली पाहिजे. "बसल्यावर" हा शब्द धरून ठेवा, कारण दुकानात लिहिलेली उंची रिकाम्या सोफ्याची असते. मऊ बैठक माणूस बसला की दीड-दोन इंच सहज खाली जाते.

दुसरं, बैठकीची खोली, म्हणजे पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचं माप. पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जावीत एवढी जागा उरली पाहिजे. एल-आकाराचे बरेच सोफे लोळण्यासाठी बनवलेले असतात, त्यांची बैठक चोवीस इंच किंवा त्याहूनही खोल असते. त्यावर वयस्क माणूस एकतर पाठ टेकवतो, नाहीतर पावलं. दोन्ही एकदम होत नाही. तुमच्याकडे वीस-एकवीस इंचांच्या पुढे जाऊ नका.

तिसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. उठताना आपण पावलं मागे, गुडघ्यांच्याही आत ओढतो. सोफा जमिनीपर्यंत बंद पेटीसारखा असेल, तर टाच त्या पेटीवर आपटते आणि पाय मागे जातच नाहीत. म्हणून सोफ्याला पाय हवेत, खाली पाच-सहा इंच मोकळे. झाडूही आत जातो, हा आणखी फायदा.

हातही तपासा. हात म्हणजे सोफ्याचे. बैठकीपासून सात ते नऊ इंच वर, वरून सपाट, आत घट्ट, आणि बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले. चेस्टरफिल्ड नावाच्या सोफ्याला हात आणि पाठ एकाच उंचीचे, गोल वळलेले आणि बटणं ठोकलेले. दिसतो देखणा, पण हात इतके उंच की त्यावर जोर देऊन उठता येत नाही. टक्सीडो पद्धतीचंही तेच, फक्त तो सरळ रेषांचा. जुन्या इंग्लिश गोल हातांच्या सोफ्यात हात कडेपासून थोडे मागे घेतलेले असतात, म्हणजे ऐन जोर द्यायच्या जागी काहीच नाही. लॉसन पद्धतीत हात पाठीपेक्षा खाली असतात आणि उशा सुट्या असतात. तुमच्या घराला तो बसेल, फक्त हात सरळ सपाट घ्या.

फोमबद्दल थोडक्यात. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किलोत. बैठकीला 32च्या खाली नको, 40 उत्तम. पण डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. जड फोम मऊही असतो. त्यामुळे आकडा विचारा आणि वर स्वतः बसूनही बघा, तेही निदान दहा मिनिटं. बैठकीची पुढची कड मुठीने दाबा. दबून खालचं लाकूड हाताला लागलं, तर तो सोफा सोडून द्या.

रंगरेषा

पारिजात, करडा निळा का दिसला ते सांगते. मी रंग शिकवते आणि हा प्रश्न मला फार आवडतो.

फ्रान्समध्ये गोबेलँ इथे चित्रजवनिका, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं, बनवण्याचा कारखाना आहे. 1824 मध्ये मिशेल यूजेन शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगविभागाचा प्रमुख झाला. तक्रार अशी होती की काळा रंग फिका पडतो. त्याने काळी लोकर तपासली तर रंगात दोष नव्हता. शेजारी निळे-जांभळे धागे आले की तो काळा डोळ्यालाच मरगळलेला दिसे. प्रत्येक रंग शेजारच्या रंगाला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो, हे त्याने त्यातून मांडलं. तुमची भिंत पिवळट, म्हणून करडा निळ्या-जांभळ्याकडे सरकला. कापडात आधीच निळसर झाक असेल, तर ती आणखी उठून दिसते.

दुसरं कारण उजेड. दुकानात बहुधा पांढरे दिवे असतात, 4000 ते 6500 केल्व्हिनचे (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). घरी संध्याकाळी पिवळे, 2700चे लावत असाल, तर हिरवा वेगळाच दिसेल. निळ्याकडे झुकणारा बाटली-हिरवा त्या उजेडात काळपट होतो, शेवाळी किंवा मेंदीकडे झुकणारा मात्र उजळतो. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, तो 90च्या वर असलेला घ्या.

तळहाताएवढ्या तुकड्यावर निर्णय घेऊ नका. निदान अर्धा मीटर कापड मागा, जुन्या सोफ्याच्या पाठीवर अंथरा आणि सकाळी, दुपारी उन्हात, रात्री दिव्यात बघा. उभं धरून एकदा, आडवं ठेवून एकदा. मखमल असेल तर तिच्यावरून हात एकदा वर, एकदा खाली फिरवा, लव वळली की दोन वेगळे रंग दिसतील.

दोन_मांजरी

कुत्र्याचे केस बदामी आणि सोफा गडद हिरवा, म्हणजे प्रत्येक केस दिसणार. माझा अनुभव गडद निळ्याचा आहे, रोज ब्रश फिरवायला लागायचा. एकाच रंगाचं सपाट कापड घेण्याऐवजी दोन छटांचे धागे मिसळून विणलेलं घ्या, केसही लपतात आणि डागही. विण घट्ट हवी. सुटे फासे असलेल्या कापडात नखं अडकतात. आणि बैठकीचे अभ्रे चेनने निघणारे घ्या, यावर तडजोड नको.

मोजपट्टी

सोफ्याच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर चिकटवून दोन दिवस तिथून वावरा. ये-जा करायला तीस इंच तरी मोकळे हवेत, सोफा आणि टीपॉय यांच्यात पंधरा-सोळा. दाराची मोकळी रुंदीही मोजा, चौकट धरून नव्हे. सोफ्याची उंची किंवा खोली, यांतलं जे कमी ते त्या रुंदीपेक्षा कमी हवं. दारानंतर लगेच वळण असेल तर लांबीही पाहा. आमचा सोफा जिन्यातून परत गेला होता, म्हणून कळकळीने सांगतोय.

पारिजात

सगळ्यांचे मनापासून आभार. टेप घेऊन बसले. सासूबाईंच्या गुडघ्याचं माप साडेसोळा इंच. जुन्या सोफ्यावर त्या बसल्यावर बैठक जमिनीपासून फक्त तेरा इंच उरते! बारा वर्षांत हे कुणीही मोजलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

कापडं आणली. बाटली-हिरवी मखमल दिवसा अप्रतिम, रात्री आमच्या दिव्यात काळी. नवऱ्यानेच म्हटलं, "हा नको." शेवाळी, दोन छटांच्या धाग्यांचं कापड मात्र तिन्ही वेळा छान दिसलं, आणि त्यावर कुत्र्याचे केस मुद्दाम टाकून बघितले, चार पावलांवरून दिसत नाहीत. टाचणदोरा दादा, एक शंका. उजव्या टोकाला ऊन येतं, तर रंग उडेल का? आणि नवऱ्याच्या पाय पसरण्याचं काय करू?

टाचणदोरा

ऊन कुणाला सोडत नाही, ताई. सुती आणि लिनन लवकर विटतं आणि धागाही कमकुवत होतो. धागा बनतानाच ज्यात रंग मिसळलेला असतो, असं अॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर विचारून घ्या, ते पुष्कळ टिकतं. बैठकीच्या उशा एकाच मापाच्या आणि दोन्ही बाजूंनी वापरता येतील अशा करून घ्या, महिन्याला जागा बदला. खिडकीला पातळ पडदा लावा. मार्टिनडेल नावाची घासण्याची चाचणी असते, घरासाठी 25 हजार घासण्यांच्या पुढचं कापड पुरेसं.

पाय पसरायला त्याच कापडाचा एक सुटा स्टूल करा, बैठकीहून इंचभर बुटका. हवा तेव्हा ओढायचा, नको तेव्हा भिंतीला. आणि सासूबाईंची जागा उन्हाच्या टोकाला नको, डाव्या हाताशी ठेवा.

पारिजात

ठरलं. सात फुटांचा, सपाट हातांचा, साडेपाच इंचांचे लाकडी पाय, माणूस बसल्यावर बैठक सतरा इंचांवर, कापड शेवाळी. स्टूल एक. मुलीने दोन विटकरी उशा निवडल्या, पिवळट भिंतीपुढे त्या छान उठतात.

काल सासूबाईंना दुकानात नेलं. त्या मापाच्या सोफ्यावर बसल्या, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलल्या. मग डावा हात सोफ्याच्या हातावर ठेवला, पावलं आत ओढली आणि उठल्या. एकदाच. मी हात पुढे केला होता, तो त्यांनी बघितलाही नाही. परत बसल्या आणि कापडावरून बोट फिरवत म्हणाल्या, "हिरवा जरा गडद चालला असता."