बाटलेल्याला परत घेतलं, तेही धर्मगुरूंनी

"यझिदी धर्म इतका बंदिस्त आहे की बाहेर गेलेल्याला परत दार नाही," असं उत्तर इराकमधल्या या अल्पसंख्य धर्माबद्दल म्हटलं जातं. जन्मानेच यझिदी होता येतं आणि बाहेर लग्न केलं की संबंध तुटतो, इथपर्यंत बरोबर. पण २०१४ नंतर हे दार एकदा उघडलं गेलं. ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसने सिंजार या इराकमधल्या यझिदी भागावर हल्ला करून हजारो यझिदी बायका-मुली पळवल्या, बळजबरीने धर्म बदलायला लावला. जुन्या नियमाने त्या बाहेरच्याच ठरल्या असत्या. तेव्हाचे सर्वोच्च धर्मगुरू बाबा शेख खुर्तो हाजी इस्माइल यांनी जाहीर केलं की या आपल्याच लेकी आहेत, त्यांना सन्मानाने घरात घ्या. लालिश या यझिदींच्या पवित्र स्थळी, जिथे सगळे अनवाणी फिरतात आणि उंबऱ्यावर पाय देत नाहीत, तिथल्या 'कानिया स्पी' या पांढऱ्या झऱ्याच्या पाण्याने त्यांचा पुन्हा संस्कार झाला. वयाची ऐंशी ओलांडलेल्या माणसाने शतकांची रूढी बाजूला ठेवली, याला मी फार मोठं धाडस मानतो.

मात्र कैदेत आयसिसच्या लोकांपासून झालेल्या मुलांना ही मुभा मिळाली नाही. इराकी कायद्याने बाप मुसलमान तर मूल मुसलमान, आणि २०१९ मध्ये यझिदी धर्मपरिषदेनेही नकार दिला. कित्येक आयांना मूल की माहेर, यातलं एक सोडावं लागलं.