मदत हवी आहे: कडक झालेले मायक्रोफायबर टॉवेल पुन्हा मऊ होतील का?

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, पाथर्डी फाट्याजवळ राहतो. गाडी घरीच धुतो, वॅक्सही घरीच करतो. टॉवेल ७०/३० चे (७० टक्के पॉलिस्टर, ३० टक्के पॉलिअमाइड), ३५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३५० ग्रॅम वजनाचं कापड). वॅक्स पुसायचे टॉवेल आता हाताला खरखरीत लागतात. वर पाणी टाकलं तर थेंब मण्यासारखा तसाच थांबतो, आत जिरत नाही. काळ्या बॉनेटवर उन्हात बारीक रेघा दिसायला लागल्यात, फार जिवाला लागतं.

सोसायटीत बोअरचं पाणी आहे, चांगलंच जड. बादलीला पांढरा थर धरतो.

लिक्विड डिटर्जंटनं, ४० अंशांवर, सुती कपड्यांपासून वेगळे धुतो. सॉफ्टनर कधीच नाही, ड्रायर नाही, वाळवणं सावलीत. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून पाहिलं. वास गेला, खरखर तशीच. नवे घ्या असं कृपया सुचवू नका, कापड अजून धड आहे.

टॉवेलवर बसलेला थर वॅक्सचा की जड पाण्यातल्या क्षारांचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? क्षारांचा असेल तर सायट्रिक ॲसिड लिटरला किती घालायचं, आणि वॅक्सचा असेल तर ६० अंशांच्या पाण्यात भिजवलेलं या धाग्यांना सोसेल का?