मदत हवी आहे: साथीमुळे ग्रंथालय बंद, घरून ई-जर्नल्स उघडत नाहीत. आधी काय करावं?

धागाकर्ता:
विद्यापीठाचं ग्रंथालय साथीमुळे बंद आहे, तासिका ऑनलाइन सुरू आहेत. कॅम्पसवर सहज उघडणारा लेख घरून उघडला की पैसे भरायचं पान येतं. प्राध्यापकांनी मूडलवर (आमच्या ऑनलाइन वर्गाच्या संकेतस्थळावर) टाकलेल्या लिंक दुसऱ्या दिवशी चालत नाहीत. पाठ्यपुस्तकाचं ई-बुक घेतलंय, पण कायम 'सध्या वापरात आहे' असंच दिसतं. बहुतेक मुलं मोबाईलवर वाचतात, डेटा मोजका. आमच्याकडे माणसंही कमी. सुरुवात कुठून करू? छापील पुस्तकांचं काय करायचं तेही सांगा.

प्रतिसाद १:
आधी लॉगिन. ते नीट झाल्याशिवाय बाकी कशाचाच उपयोग नाही.

प्रकाशक तुमचं विद्यापीठ आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून ओळखतो. घरचा पत्ता त्याच्या यादीत नसतो म्हणून तो पैसे मागतो. वर्गणी चालूच असते. यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे इझीप्रॉक्सीसारखा प्रॉक्सी, म्हणजे घरच्या वाचकाची मागणी विद्यापीठाच्या पत्त्यावरून पुढे पाठवणारा सर्व्हर. दुसरा म्हणजे शिबोलेथ किंवा ओपनअथेन्स या ओळख पटवणाऱ्या प्रणालींवरून संस्थेचं लॉगिन. व्हीपीएननेही काम होतं, पण हजारो मुलांच्या फोनवर ते बसवून देणं ग्रंथालयाच्या आवाक्यातलं नाही.

प्रॉक्सी असूनही लेख उघडत नसेल तर हे तपासा. प्रॉक्सीचा बाहेर जाणारा आयपी पत्ता प्रत्येक प्रकाशकाकडे नोंदवलेला आहे का? सर्व्हर क्लाउडवर हलवला की हा पत्ता बदलतो आणि प्रकाशकांना कळवायचं राहून जातं. प्रॉक्सीच्या वाइल्डकार्ड (सगळ्या उपपत्त्यांना चालणाऱ्या) सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो आणि मुलं तिथूनच परत फिरतात. प्रकाशकाने संकेतस्थळ बदललं असेल तर कॉन्फिगरेशनमधल्या त्याच्या जुन्या ओळी बदलाव्या लागतात.

चाचणी घेताना फोनचं वायफाय बंद करा आणि खासगी विंडोमध्ये लिंक उघडा. कॅम्पसच्या जाळ्यावर घेतलेली चाचणी नेहमी यशस्वीच होते, तिच्यावरून काही कळत नाही.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. एखाद्याचा पासवर्ड चोरून कुणी शेकडो लेख उतरवायला लागलं की प्रकाशक प्रॉक्सीचा पत्ताच बंद करतो, आणि एका खात्यापायी अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश जातो. इझीप्रॉक्सीत 'यूसेज लिमिट'ची सोय आहे. मर्यादा ओलांडली की तेवढंच खातं थांबतं. ती आजच चालू करा.

प्रतिसाद २:
लिंक मरतात कारण त्या ब्राउझरच्या पट्टीतून उचललेल्या असतात. त्या पत्त्यात बऱ्याचदा त्या वेळच्या लॉगिन-सत्राची खूण असते. सत्र संपलं की लिंकही संपली. लेखाचा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) घ्या आणि त्याच्या आधी तुमच्या प्रॉक्सीच्या लॉगिनचा पत्ता जोडा. हे प्राध्यापकांना समजावत बसण्यापेक्षा ग्रंथालयाच्या पानावर एक छोटी चौकट द्या: डीओआय टाकला की तयार लिंक मिळेल.

लेखाची पीडीएफ मूडलवर चढवू देऊ नका. परवान्याचा प्रश्न येतो, शिवाय तो वापर आकडेवारीत धरला जात नाही. पुढच्या वर्षी वर्गणी कापायची वेळ आली की नेमकं तेच जर्नल बिनवापराचं दिसतं.

प्रतिसाद ३:
ई-बुकचा घोळ परवान्याचा आहे. तुमच्याकडे बहुधा एका वेळी एकाच वाचकाचा परवाना असेल. तीन वाचकांचा आणि अमर्याद वाचकांचा असेही प्रकार मिळतात. सगळीच पुस्तकं वरच्या परवान्यावर नेऊ नका. प्रकाशक ई-साहित्याच्या वापराचे आकडे 'काउंटर' या ठरलेल्या नमुन्यात देतात; त्या अहवालात 'टीआर बी२' तक्ता असतो, त्यात कोणत्या पुस्तकावरून किती वाचक परत गेले ते कळतं. त्या तक्त्यात सर्वांत वर असलेली मोजकी पुस्तकं घ्या, पैसा तिथेच घाला.

तोवर उधारीची मुदत सात दिवसांची असेल तर एका दिवसावर आणा. मुलांना सांगा की पूर्ण पुस्तक उधार न घेता हवं ते प्रकरण उतरवून घ्या आणि वाचक-खिडकी बंद करा. टॅब उघडा राहिला तर वेळ संपेपर्यंत पुस्तक अडकून पडतं.

काही पाठ्यपुस्तकं ग्रंथालयांना ई-स्वरूपात विकतच नाहीत. तिथे हट्ट न धरता शिक्षकाबरोबर बसून पर्यायी प्रकरण किंवा मुक्त पाठ्यपुस्तक शोधा.

साथीपुरत्या फुकट मिळालेल्या प्रवेशावर वाचनयादी उभी करू नका. इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाचं साथीपुरतं मोफत ई-पुस्तकं देणारं 'आणीबाणीचं ग्रंथालय' २४ मार्च २०२० ला सुरू झालं. ते ३० जूनपर्यंत चालायचं होतं, पण प्रकाशकांच्या दाव्यानंतर १६ जूनलाच बंद झालं. असं काही ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) घातलंत तर नोंदीतच शेवटची तारीख लिहा, म्हणजे नंतर शोधून काढता येईल.

धागाकर्ता:
यूसेज लिमिट लावतो. ज्या प्रकरणांना काहीच पर्याय नाही ती स्कॅन करून देता येतील का?

प्रतिसाद ४:
येतील, तुमच्या देशाचा कायदा आणि विद्यापीठाचा परवाना जेवढं देतो तेवढी. स्कॅन ३०० डीपीआयवर, करड्या छटेत करा. आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं), मग फाइल लहान करणं, हा क्रम उलटवू नका. लहान केलेल्या पानावर अक्षरओळख बिघडते. ओसीआर न केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर त्यातलं एक अक्षरही वाचू शकत नाही, म्हणून ही पायरी कितीही घाई असली तरी गाळू नका. आणि जोडपान एकत्र स्कॅन करू नका, फोनवर ते वाचवत नाही.

छापील पुस्तकं मागणी नोंदवून, ठरलेल्या वेळेला, दारातच द्या. मुदतवाढ आपोआप आणि दंड बंद. २०२० मध्ये परत आलेली पुस्तकं अनेक ठिकाणी ७२ तास बाजूला ठेवत होते. ग्रंथालयातल्या वस्तूंवर कोविडचा विषाणू किती टिकतो ते तपासणाऱ्या 'रिअल्म' प्रकल्पाच्या चाचण्यांत गठ्ठ्यातल्या पुस्तकांवर विषाणू सुट्या पुस्तकांपेक्षा जास्त दिवस सापडला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने पृष्ठभागावरून कोविड पसरायचा धोका कमी असल्याचं सांगितलं. म्हणून आत्ताची साथ कशी पसरते ते आरोग्य विभागाला विचारूनच विलगीकरण ठरवा. पुस्तकांवर जंतुनाशक मात्र फवारू नका, कागद आणि बांधणी दोन्ही खराब होतात.